एका बाजूने मुका डेक

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मागे दोन-तीन जणांनी विचारलं होतं, घरच्या जुन्या कॅसेटींचं पुढे काय झालं? त्याचं उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबतच गेलं. त्यात निजाम आला, परळीचं थर्मल आलं, दासोपंतही आले. म्हटलं, सरळ लेखच लिहू. विषय थोडक्यात असा: आपल्या बीड जिल्ह्यात रेडिओ आणि टेप कसे आले, ते दुरुस्त कोण करायचं, आणि ती माणसं नसती तर आपलं काय गेलं असतं.

सुरुवात दासोपंतांपासूनच करतो. अंबाजोगाईच्या या संतकवीने (१५५१–१६१५) आपलं 'पंचीकरण' कापडावर लिहिलं. तीच प्रसिद्ध पासोडी. चारशे वर्षं होऊन गेली, कापड जीर्ण झालं, पण समोर उलगडलं तर अक्षर डोळ्यांना दिसतं. वाचणाऱ्याला लिपी आली की झालं.

आता कॅसेट घ्या. तीही एक लांबलचक पट्टीच. ३.८१ मिलिमीटर रुंद, आणि एका तासाच्या कॅसेटमध्ये सुमारे नव्वद मीटर लांब. पण ती उलगडून कितीही वेळ बघा, नुसती तपकिरी फीत दिसेल. तिच्यावरचं वाचायला यंत्र लागतं. यंत्र आलं की बिघाड आला, आणि बिघाड आला की तो काढणारा माणूस लागतो. आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतले आवाज आज अशा एखाद्या माणसाच्या भरवशावर पेटीत पडून आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत हा माणूस कुठे सापडत नाही, म्हणून त्याच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

मोमिनाबादपासून

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी कागदांत बीडचं 'भीर' होतं आणि अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद. ब्रिटिश हिंदुस्थानात 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं १९३६ मध्ये. संस्थानचं स्वतःचं हैदराबाद केंद्र त्याआधीच, १९३५ पासून, चालू होतं. तिथली भाषा मुख्यतः उर्दू. औरंगाबादलाही (आताचं छत्रपती संभाजीनगर) संस्थानचं केंद्र होतं. ते १९५० मध्ये आकाशवाणीकडे आलं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाने शरणागती पत्करली तीसुद्धा लोकांना कळवली रेडिओवरूनच.

पण ऐकणारे किती? खेड्यात वीज नव्हती. विजेशिवाय चालणारे व्हॉल्व्हचे सेट असत, पण त्यांना खास बॅटरी लागे. व्हॉल्व्हच्या तारा तापवायला दीड व्होल्ट आणि बाकी कामाला नव्वद व्होल्ट, असे दोन्ही पुरवठे त्या जाडजूड पुड्यात असत. पुडा संपला की रेडिओ म्हणजे शोभेची पेटी. शिवाय लायसन्स. १९३३ च्या वायरलेस कायद्यानंतर रेडिओ बाळगायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन तो दरवर्षी नवा करायचा. स्वातंत्र्यानंतर बराच काळ घरगुती सेटची फी वर्षाला पंधरा रुपये होती. हा परवाना पूर्णपणे गेला थेट १९८५ मध्ये. घरातल्या जुन्या ट्रंकेत पोस्टाची तिकिटं चिकटवलेलं रेडिओचं पुस्तक कुणाला सापडलं, तर टाकू नका.

इथे एक गोष्ट मला फार बोचते. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक मोठा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, सातारा, कोल्हापूर या भागांतल्या दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं केली. गावाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करायची आणि प्रश्न पुण्याला कळवायचे. पुढे हा प्रयोग देशभर नेला गेला आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्याचा दाखला दिला. नगर जिल्हा त्यात होता, आणि आपला आष्टी तालुका नगरला अगदी खेटून. पण तेव्हा ती हद्द दोन राज्यांची हद्द होती. आपण हैदराबाद राज्यात होतो. द्विभाषिक मुंबई राज्यात आलो १ नोव्हेंबर १९५६ ला, म्हणजे प्रयोग संपून सहा महिने झाल्यावर.

वीज आली, बिघाड आले

पुढे महाराष्ट्र झाला, १९६० मध्ये राज्य वीज मंडळ झालं, हळूहळू गावात खांब आले. साठच्या दशकाच्या अखेरीस परभणी केंद्र सुरू झालं आणि मराठवाड्याला जवळचा आवाज मिळाला. १९७१ मध्ये परळीच्या थर्मलचा पहिला, ३० मेगावॅटचा संच चालू झाला. १९८० पासून तिथे २१० मेगावॅटचे मोठे संच आले. म्हणजे वीज आपल्याच जिल्ह्यात तयार होत होती, पण संध्याकाळी घरातला बल्ब मात्र निखाऱ्यासारखा लाल दिसायचा. कमी दाबाने, मध्येच जाणाऱ्या आणि परत येताना उसळी मारणाऱ्या त्या विजेने किती सेट जाळले असतील!

आणि त्यातूनच रेडिओवाले उभे राहिले. तालुक्याच्या गावी, बसस्टँडच्या आसपास किंवा घड्याळजीच्या शेजारी, दहा बाय आठचं दुकान. कुणी आयटीआयमधून रेडिओ-टीव्हीचा ट्रेड केलेला, कुणी पोस्टाने येणारा कोर्स केलेला, आणि बरेचसे कुणाच्या तरी हाताखाली नुसतं बघून शिकलेले. भिंतीवर उघडे सांगाडे, डालडाच्या डब्यात कंडेन्सर, आणि हवेत तो सोल्डरच्या राळेचा वास. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको.

या दुकानातली सगळ्यात हुशार वस्तू कोणती? माझ्या मते सिरीज बोर्ड. लाकडी पाटीवर शंभर वॅटचा बल्ब आणि एक सॉकेट. आलेला सेट थेट विजेला लावायचा नाही, बल्बातून लावायचा. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. बल्ब सगळा करंट स्वतःवर घेतो, त्यामुळे सेट आणखी जळत नाही. शंभर वॅटचा बल्ब हे त्या दुकानाचं निदानयंत्रही होतं आणि विमाही.

दुसरं म्हणजे त्या सेटमध्येच दुरुस्तीचा रस्ता ठेवलेला असे. मर्फी, फिलिप्स, बुश यांच्या सेटची मागची पाठ चार स्क्रूवर निघायची. सर्किटचा नकाशा मिळायचा, कधी तो पेटीच्या आतच चिकटवलेला असायचा. सेट कधीतरी बिघडेल आणि कुणीतरी तो उघडेल हे बनवणाऱ्याने धरूनच ठेवलेलं होतं.

कान हेच मीटर

अंबाजोगाईतले एक रेडिओवाले काका माझ्या ओळखीचे आहेत. दुकान केव्हाच बंद झालं, वय ऐंशीच्या पुढे. त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आधी नीट ऐक बाबा, मंग खोल." नुसत्या आवाजावरून ते निम्मा बिघाड सांगायचे. एकसारखी जाड गुणगुण येते? पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर वाळला. बटण फिरवताना खर्र होतं? व्हॉल्यूम कंट्रोल घाण झाला. थाप मारली की वाजतो? कुठेतरी सोल्डर सुटलंय. सुरुवातीला चांगला, तापल्यावर बंद? मग वेळ लागणार, ठेवून जा.

पद्धत मात्र एकच, आणि ती डॉक्टर-वैद्यांनीही मान्य करावी अशी. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. मध्ये कुठेतरी अडतो. मधोमध बोट ठेवायचं आणि विचारायचं, इथपर्यंत पोचला का? पोचला असेल तर अलीकडचा अर्धा भाग निर्दोष. मग उरलेल्याचे पुन्हा दोन भाग करायचे.

घरचा डेक मी उघडला तो हे मनात ठेवून. ऐंशीच्या दशकातला, देशी बनावटीचा, दोन कॅसेटींचा, एफएमवाला, दोन लाकडी पेट्यांचा. डावी पेटी मुकी. आधी दोन्ही पेट्यांच्या वायरी अदलाबदल केल्या. मुकेपणा दुसऱ्या पेटीत गेला. म्हणजे पेट्या ठीक, दोष डेकमध्ये. मग कॅसेट सोडून एफएमवर बीड आकाशवाणी लावली. डावी बाजू तरीही गप्प. म्हणजे कॅसेटचं हेड, पट्टा वगैरे या दोषात नाहीत, कारण एफएमचा आवाज त्या वाटेने जातच नाही. मग व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या पायाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून दांडीला बोट टेकवलं. उजव्या बाजूला भुर्र असा आवाज, डाव्या बाजूला काही नाही. बिघाड त्याच्याही पुढे, अॅम्प्लिफायरमध्ये.

(हे उद्योग व्हॉल्व्हच्या सेटवर करू नका. तिथे अडीचशे व्होल्ट असतात, आणि काही सेटची सगळी चासीच जिवंत असते. जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवायचे तो उगाच नव्हे.)

स्टिरिओची एक गोष्ट मला फार आवडते. त्यात एकच काम करणाऱ्या दोन वाटा शेजारी शेजारी असतात. एक आजारी असली तरी दुसरी धडधाकट. त्यामुळे नकाशा नसला तरी चालतं, चांगली बाजू हाच नकाशा. इथे तेव्हा गावोगाव मिळणारी एलए ४४४० ही आयसी होती. दोन्ही बाजूंच्या आउटपुटच्या पायांवर मीटर लावलं. दोन्हीकडे पुरवठ्याच्या जवळपास निम्मे व्होल्ट, म्हणजे असायला हवेत तितकेच. आयसी जिवंत होती. मग तिथून स्पीकरपर्यंत मध्ये राहतो तो फक्त एक हजार मायक्रोफॅराडचा कंडेन्सर. बंद करून त्याच्यावर एक चांगला कंडेन्सर आडवा जोडला, चालू केलं, आणि डावी पेटी बोलली. जुना कंडेन्सर गरम हीटसिंकला टेकून बसलेला. तीसेक वर्षांच्या उष्णतेने आतला ओलावा सुकून गेला होता. नवा आला चहाच्या किमतीत.

काकांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आधी बास कमी झाला असंल, डब्यातून आल्यासारखा आवाज येत असंल. मंग मुका झाला." अगदी तसंच झालं होतं. कंडेन्सर वाळत जाताना आधी खालचे स्वर जातात.

कॅसेटमध्ये काय होतं

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ मध्ये. आपल्याकडे ती घरोघर पोचली ऐंशीच्या दशकात. आखातातून येणारे टू-इन-वन, मग देशात बनणारे स्वस्त टेप, आणि त्याहून स्वस्त कॅसेटी. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाचं 'कॅसेट कल्चर' नावाचं पुस्तक आहे (१९९३). उत्तर भारतात संगीताचा धंदा मोठ्या कंपन्यांच्या हातातून निसटून छोट्या छोट्या निर्मात्यांकडे कसा गेला, हे त्यात सांगितलंय. आपल्याकडे त्याचा अर्थ म्हणजे प्रल्हाद शिंदे, बाबामहाराज सातारकरांचा हरिपाठ, जयंतीच्या मिरवणुकीतली भीमगीतं, आणि कारखान्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरवर ठणठणणारा टेप.

पण कॅसेटचं खरं नवल विकतच्या गाण्यांत नव्हतं. रेडिओ फक्त ऐकवायचा, कॅसेट ऐकूनही घ्यायची. लाल बटण आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही एकदम दाबली की घरातलं कोणीही आकाशवाणी! गावातला सप्ता, कीर्तन, लग्नातल्या बायकांची गाणी, आजोबांच्या गप्पा, सगळं साठ मिनिटांच्या कॅसेटवर आलं.

आमच्याकडे अशी एक कॅसेट आहे, १९८७ ची. आजीच्या, म्हणजे आम्ही जिला माय म्हणायचो तिच्या, जात्यावरच्या ओव्या. पिठाची गिरणी गावात येऊन बरीच वर्षं झाली होती, पण माय जात्याचा खुंटा हातात धरल्याशिवाय गायचीच नाही. तिला म्हणे ओवी आठवतच नसे. म्हणून कॅसेटमध्ये जात्याची घरघरही आहे. भावंडांपैकी एकाचं म्हणणं होतं, डेक भंगारात द्या, मोबाइलवर सगळं मिळतं. सगळं मिळतं, कबूल. मायचा आवाज मोबाइलवर कोण टाकणार?

डेक वाजायला लागला तेव्हा दुसरी अडचण कळली. मायचा आवाज पुरुषासारखा जाड आणि ओढल्यासारखा येत होता. मोटरचा रबरी पट्टा सैल होऊन डांबरासारखा झाला होता. नवा घातला, हेड आणि रबरी रोलर स्पिरिटने पुसले. पण बरोबर वेग कोणता हे कसं ठरवायचं? आधी एक विकतची कॅसेट लावली आणि तेच गाणं फोनवर लावून मोटरचा छोटा स्क्रू दोन्ही जुळेपर्यंत फिरवला. मग मायची कॅसेट. तिच्यात मागे विजेची बारीक गुणगुण रेकॉर्ड झालेली आहे. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, त्यामुळे ही गुणगुण १०० ला यायला हवी. फोनवरच्या अॅपने ती ९७-९८ दाखवली.

गंमत अशी की हेच बरोबर असण्याची शक्यता जास्त. त्या काळात आपली ग्रिड ५० वर क्वचितच टिकायची. टंचाई असली की ४९, ४८.५ अशी घसरायची. पश्चिम विभागात २००२ मध्ये वीजदराची नवी पद्धत आली, त्यानंतर ती बरीच सुधारली. म्हणजे मायच्या ओव्यांच्या मागे त्या दिवशीची वीजटंचाईसुद्धा टिपली गेली आहे! रेकॉर्ड करणारा टेपही थोडा हळू असेल, तो हिशोब आता लागायचा नाही. पण थोरल्या आत्याला ऐकवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हां, ही मायच." आमच्यापुरता वेग ठरला.

माजलगावच्या बायका

बीडच्या ओव्या जतन झाल्याचं एक मोठं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून महाराष्ट्रभर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या, हजाराहून जास्त गावं. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण करू लागले. १९९६ मध्ये ही मंडळी माजलगावच्या भीमनगर वस्तीत आली होती. तिथल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने हा सगळा संग्रह लोकांसमोर आणला, आणि त्या माजलगावच्या बायका आज कुणालाही ऐकता येतात.

ते काम थोरच आहे. पण त्या बायकांचा आवाज राहिला कारण कुणीतरी तो वेळेवर फितीवरून उतरवून घेतला. आपल्या घरांत असं कुणी आलं नाही, येणारही नाही. कॅसेटची फीत अजून आहे, पण तिला वाचणारी यंत्रं आणि यंत्रांना ओळखणारे कान भराभर कमी होताहेत. रेडिओवाल्यांच्या गाळ्यांत आता मोबाइलचे काच-बॅटरीवाले बसलेत. त्यांचा काही दोष नाही. वस्तूच अशा बनतात की उघडल्या तर तुटतात. जगात याविरुद्ध ओरड सुरू झाली आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापायला लावले. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टल काढलं. चांगलं आहे. पण पन्नास वर्षांपूर्वी हा हक्क मर्फीच्या पेटीत चार स्क्रूंच्या रूपाने आपोआप मिळत होता, हेही लक्षात राहू द्या.

असो. आता कामाचं. ज्यांच्याकडे घरी भरलेल्या कॅसेटी आहेत त्यांनी एवढं करा. कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन छोट्या पाकळ्या मोडा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. डेकमध्ये लगेच घालू नका, आधी पेन्सिलीने चार वेटोळी फिरवून फीत मोकळी आहे का बघा. बुरशीचा पांढरा थर दिसला तर तशीच ठेवा, वाजवू नका. आणि डेक बंद असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी गावातला एखादा जुना रेडिओवाला शोधा. बहुतेक तो घरीच असेल, आणि बोलावलं तर आनंदाने येईल.

मायच्या कॅसेटची प्रत तयार आहे. आत्या, मामा, केजची मंडळी, ज्यांना हवी त्यांनी सांगा, पाठवतो. आणि १९८७ च्या त्या दुपारी मागे कोण लहान मूल रडतंय, ते कुणाला ओळखू आलं तर तेही कळवा.